साठ रुपयांचे खोगीर

तुमच्या आईने पत्रात लिहिले आहे की तुम्ही दोघे तिकडे रविवारी घोड्यावर बसायला शिकता, आणि तुम्हाला एक जुने खोगीर विकत घ्यायचे आहे. जुन्या खोगिराची किंमत कशी ठरवतात हे आजीला ठाऊक असेल, असे तिने तुम्हाला सांगितले म्हणे. ठाऊक आहे. आयुष्यात मी एकच खोगीर विकले, आणि ते कसे विकले हे तुमच्या आईलाही पुरते सांगितलेले नाही. आता लिहिते. क्रमाने लिहिते, कारण क्रम सोडला की मी स्वतःची सोडवणूक करून घेईन अशी मला भीती वाटते.

माझे वडील रेव्हेन्यू इन्स्पेक्टर होते. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. बाबांकडे देवरीच्या बाजूची जंगलातली गावे होती. पटवाऱ्यांचे कागद तपासायचे, शेताचा नकाशा शेतात उभे राहून जुळवायचा, कुठल्या तलावाची पाळ खचली आणि धानाच्या कुठल्या बांधीला पाणी पोचले नाही ते लिहून वर कळवायचे, हे त्यांचे काम. आमचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. आजोबा उतारावरचे गवत पाहून पाणी कुठे थांबेल ते सांगत. बाबा त्या घराण्यातले पहिले सरकारी नोकर. त्या भागात रस्ते कमी आणि नाले फार, म्हणून ती नोकरी म्हणजे घोडा. ज्याला घोड्यावर बसता येत नाही त्याला ती नोकरी करता येत नाही, इतके ते सरळ होते.

खोगीर त्यांनी जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतले होते. तो विलायतेला परत जाताना सामान विकत होता. कानपूरचे काम, तपकिरी चामडे, खाली लोकरीच्या गाद्या. बाबांनी त्याचे साठ रुपये मोजले आणि माझ्या आजीने त्यावरून महिनाभर अबोला धरला होता, असे आई सांगे. घोडी आमची साधीच होती. पण खोगीर पाहून गावोगावचे लोक बाबांना तहसीलदार समजत, आणि बाबा ती समजूत ताबडतोब दुरुस्त करीत नसत.

मी त्या वेळी नागपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. मॅट्रिकला एक वर्ष उरले होते. मे महिन्याच्या सुट्टीत दोन वर्षांनी घरी आले तेव्हा घर देवरीला नव्हतेच. आईबाबा गोंदियाबाहेर कुडव्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. बाबांना हिवताप झाला आहे आणि ते सहा महिन्यांच्या रजेवर आहेत, एवढेच मला पत्रातून कळले होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. डावा पाय पुरता ओढला गेला नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तो भोपळ्यासारखा होता आणि त्यावरची कातडी खरखरीत झाली होती. आमच्या भागात हत्तीपाय काही नवा नव्हता. बाजारात असे पाय मी लहानपणापासून पाहिले होते. बाबांचा पाहिला नव्हता.

दोन वर्षे तो पाय वाढत होता, हे आईने मला स्वयंपाकघरात सांगितले. थंडी वाजून ताप यायचा, ताप उतरला की पाय आधीपेक्षा जाड झालेला असायचा. पाऊल रिकिबीत शिरेना, तेव्हा बाबांनी देवरीच्या लोहाराकडून डाव्या बाजूची रिकीब मुद्दाम रुंद करून घेतली. घोडीवर चढायला ते तलावाची पाळ शोधीत. पाळीवर उभे राहायचे, घोडी खाली उभी करायची, आणि बसायचे. पाहणाऱ्याला वाटे, इन्स्पेक्टरसाहेब पाळ तपासत आहेत.

आईने मला हे सगळे सांगितले. एक गोष्ट सांगितली नाही. कचेरीत कोणालाच या पायाची खबर नव्हती. रजेच्या अर्जात हिवताप लिहिला होता आणि कचेरीने तो खरा मानला होता. आईला वाटले असेल, पोरीला कशाला सांगायचे. मीही विचारले नाही.

घोडी रजेच्या सुरुवातीलाच विकली होती. खोगीर मात्र पुढच्या खोलीत लाकडी घडवंचीवर ठेवलेले होते. आषाढात रजा संपणार होती. त्याआधी नागपूरला एका डॉक्टरकडून इंजेक्शनच्या सुयांचा एक क्रम घ्यायचा, पाय उतरवायचा आणि कामावर हजर व्हायचे, असा बाबांचा बेत होता. अर्ध्या पगारात सुयांचे पैसे निघत नव्हते. म्हणून खोगीर विकायचे. "साधं देशी खोगीर घेईन पुढं," बाबा म्हणाले. "नोकरी राहिली की खोगीर काय, कसलंही चालतं."

किंमत त्यांनीच ठरवली. साठ. ज्या भावाने घेतले त्याच भावाने देणार.

"वापरलेलं आहे, बाबा," मी म्हटले.

"वापरलं म्हणून तर किंमत आहे. नवं चामडं घोड्याला लागतं, माणसालाही लागतं. हे आता कोणालाच लागत नाही. साठाच्या खाली एक पैसा नाही."

तो भाव नव्हता, हे मला फार उशिरा कळले. आपण अजून घोड्यावर बसणारे गृहस्थ आहोत आणि आपली वस्तू पडेल भावाने जाणार नाही, एवढेच ते म्हणत होते. मला तेव्हा तो आकडा वाटला, आणि आकडा मिळवून द्यायचा हे मी माझे काम ठरवले. मी खोगीर रोज पुसू लागले. ओल्या फडक्याने धूळ काढायची, सावलीत वाळवायचे, मग एरंडेलाचा हलका हात. आई दारातून बघे.

"काऊन वो पोरी, इतकं कायले घासून राहिली? त्याच्यावर नवरदेव बसनार हाये का?"

बाबा खाटेवरून हसले. त्या उन्हाळ्यात ते हसल्याचे मला एवढेच आठवते.

पहिले गिऱ्हाईक कोहमाऱ्याकडचे आले. मोठ्या शेतीचे गृहस्थ होते, पागोटे बांधलेले, बाहेर त्यांचे टट्टू उभे. त्यांनी खोगिराभोवती एक फेरी मारली.

"साठ? साठात त मी जिता घोडा आनतो जी. न तो गवत खाऊन पुन्हा शेनही देते."

"घोडा मरतो," बाबा म्हणाले. "हे मरायचं नाही."

"ते बी खरं." मग त्यांनी दोन्ही रिकिबी हातात धरल्या. "पन हे काय हो सायेब? एक रिकीब लहान न एक मोठी? घोडा लंगडा होता का?"

"जुनी हरवली. लोहारानं अंदाजानं केली," बाबांनी चादर सारखी करीत सांगितले.

"नाही जी. आतला सांगाडा वाकडा असन. एका बाजूले वजन पडते, म्हनून तिकडची रिकीब मोठी लागते. मले ठाऊक हाये. आमच्या मामाचं असंच होतं, घोड्याच्या पाठीले जखम झाली." आणि जाता जाता दारातून, "पंधरा देतो. पोरायले खेळाले."

दुसरा एक जंगलाचा ठेकेदार. त्यानेही तेच पाहिले, तेच म्हणाला, आणि बावीस सांगून गेला. तिसऱ्याने तर किंमतही विचारली नाही.

सांगाडा वाकडा नव्हता. मी स्वतः पाहिले होते. खोगीर गुडघ्यावर टेकवून दोन्ही टोके दाबली की आतले लाकूड मोडके असेल तर करकरते. हे करकरत नव्हते. म्हणजे चांगल्या खोगिराला खोटा दोष लागत होता, आणि तो लागत होता केवळ खरे कारण सांगितले जात नव्हते म्हणून. माझ्या शाळेत निबंधाच्या तासाला आम्हाला शिकवीत की वर्णन पूर्ण असावे, नाहीतर वाचणारा रिकामी जागा आपल्या मनाने भरतो. ते मला अगदी पटले होते.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक किराणा दुकान होते. तिथे लोक विकायच्या वस्तूंची कार्डे खिळ्याला अडकवून जात. शिवणयंत्र, सायकल, पेटी. दुकानदार म्हणाला, "अंग्रेजी में लिखो बिटिया. ऐसी चीज साहब लोग ही लेंगे, और साहब लोग हिंदी पढ़ते नहीं." बाबांनी मजकूर मराठीत सांगितला. कानपूरचे खोगीर, उत्तम स्थितीत, साठ रुपये, कुडव्याला अमुक घरी पाहायला मिळेल. मी त्याचे इंग्रजी केले. वळणदार अक्षर काढले. मग दुकानाच्या पायरीवर बसून, बाबांना न विचारता, खाली एक ओळ वाढवली. सांगाडा सरळ आहे. डावी रिकीब उजवीच्या जोडीची नाही, ती मालकाचा डावा पाय हत्तीरोगाने सुजल्यामुळे मुद्दाम रुंद करवून घेतली आहे. त्या रोगाचा इंग्रजी शब्द लांबलचक होता. तो मी आदल्या दिवशीच शब्दकोशात पाहून ठेवला होता आणि त्याचे स्पेलिंग दोनदा तपासले होते. आदल्या दिवशीच, हे मुद्दाम लिहिते. ती ओळ मला पायरीवर सुचलेली नव्हती.

खोगिरात दोष नाही हे दाखवण्यासाठी मी बाबांचा दोष लिहिला. तेव्हा मला तसे वाटले नाही. मला वाटले, काम नीट झाले.

नऊ दिवस कोणी आले नाही. दहाव्या दिवशी सकाळी एक तरुण गृहस्थ आले. नवे बूट, हातात टोपी, बोलणे नागपूरकडचे. नमस्कार करून म्हणाले, "स्टेशनजवळ कार्ड पाहिलं. पत्ता वाचला आणि म्हटलं, हे तर आपल्याच साहेबांचं घर. आपल्या सर्कलवर सध्या मीच आहे. बदलीवर. आपण रुजू होईपर्यंत."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते उठून बसले, चादर मात्र मांडीवर घट्ट धरून. मला म्हणाले, "पाणी आण, गूळ आण." आणि मग विचारत सुटले. अमक्या तलावाच्या पाळीला यंदा माती पडली का? तो पटवारी अजून नकाशे उलटे धरतो का? नाल्यापलीकडच्या गावाला जाताना उजवीकडची वाट धरायची, डावीकडे घोडा रुततो, हे कोणी सांगितले का?

"नाही सांगितलं. रुतलो," ते गृहस्थ म्हणाले, आणि दोघे हसले.

"घोडा आहे का चांगला?"

"घोडा आहे. खोगीर मात्र उसनं आणलेलं, त्यानं माझी साल निघाली. म्हणून आलो."

"मग पाहा. नीट पाहा. सांगाडा दाबून पाहा, संकोच करू नका," बाबा म्हणाले. "डावी रिकीब तेवढी थोडी रुंद आहे. लोहाराची चूक. बदलून घ्या."

"हो, लिहिलंय ना तसं." त्यांनी खिशातून कार्ड काढले. दुसऱ्या कोणी आधी येऊ नये म्हणून ते दुकानातून काढूनच आणले होते. सरळ मनाने ते वाचू लागले. इंग्रजी त्यांना चांगले येत होते. शेवटच्या ओळीपाशी आवाज हळू झाला आणि मग थांबला. त्यांनी वर पाहिले. बाबांकडे नाही, चादरीकडे. आपण काय वाचले आहे ते त्यांना तेव्हाच कळले असावे. पत्ता आणि किंमत वाचून माणूस बाकीचे कुठे नीट वाचतो.

बाबांना इंग्रजी तुटक येई. ते म्हणाले, "शेवटचं पुन्हा वाचा. मराठीत सांगा."

"राहू द्या, साहेब."

"सांगा."

त्यांनी सांगितले. हिवताप नाही, हत्तीपाय. दोन वर्षे पाळीवरून घोडीवर चढून जे कोणाला दिसू दिले नव्हते ते त्या एका ओळीत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"किती दिवस आहे हे तिथं?" त्यांनी समोर पाहतच विचारले.

"नऊ," मी म्हटले. "आज दहावा."

"तहसिलीतले सगळे त्याच दुकानातून सुपारी घेतात," बाबा म्हणाले. हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही, नुसते म्हटले. मला तेव्हा समजले. सगळे एकदम समजले: रजेचा अर्ज, चादर, लोहाराची चूक, आई कुजबुजत का बोलायची ते. आणि समजून काही उपयोग नव्हता.

ते गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "मी कोणाला काही बोलणार नाही, साहेब. शप्पथ."

"तुम्ही नाही बोलणार," बाबा म्हणाले. "किती आणलेत बरोबर?"

"चाळीस. बाकीचे वीस पगार झाल्यावर—"

"चाळीस पुष्कळ झाले. घेऊन जा."

आई आतल्या दारातून पुढे आली. तिला काय झाले ते अजून कळले नव्हते. "अहो, साठ म्हनत होता न? आता चाळीसात कायले?"

"पुष्कळ झाले म्हटलं ना."

कोहमाऱ्याच्या गृहस्थांना, ठेकेदाराला, आईला, मला, कोणालाही त्यांनी साठातला एक रुपया सोडला नव्हता. वीस रुपये त्यांनी एका श्वासात सोडले. त्या पाहुण्यांनी खोगीर खांद्यावर घेतले आणि खाली मान घालून गेले. सांगाडा त्यांनी दाबून पाहिला नाही. मला अजून त्याचे वाईट वाटते, की निदान तेवढे तरी त्यांनी पाहायला हवे होते.

पंधरा दिवसांनी भंडाऱ्याला सिव्हिल सर्जनपुढे हजर होण्याचा हुकूम आला. कोणी कळवले, मला माहीत नाही. ते तरुण गृहस्थ असतील असे मला वाटत नाही, पण कार्ड सगळ्यांसाठीच लावलेले होते. बाबा गेले, संध्याकाळच्या गाडीने परत आले, आणि खाटेवर बसून बुटाची नाडी सोडू लागले. डाव्या पायात बूट नव्हताच. फिरतीच्या कामास कायमचे अपात्र, असा शेरा होता. बैठे काम मिळावे म्हणून त्यांनी दोन अर्ज केले. दोन्ही मी इंग्रजीत लिहिले. दोन्ही फेटाळले गेले. ते बदलीवरचे गृहस्थ त्यांच्या जागी कायम झाले. त्यांनी उरलेले वीस रुपये मनिऑर्डरने पाठवले होते. बाबांनी ते परत केले.

आईने मला एकदाच विचारले, चुलीसमोर, माझ्याकडे न बघता. "तुले कोनं सांगतलं होतं वो ते लिहाले?"

बाहेरून बाबा म्हणाले, "तिनं खोटं काही लिहिलं नाही."

ते मला मारते तर बरे झाले असते. मी वाट पाहिली. महिनाभर वाट पाहिली की आज बोलतील, आज रागावतील. ते माझ्याशी नेहमीसारखे बोलत. पाणी मागत, वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगत. कठीण शब्द आला की अर्थ विचारीत.

शाळा उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते चाळीस रुपये माझ्या हातात ठेवले. फी आणि पुस्तकांसाठी. मी म्हटले, हे सुयांचे आहेत. ते म्हणाले, "आता पाय उतरवून जायचं कुठं आहे?" आईने तोंड फिरवले. मी पैसे घेतले. घ्यायला नको होते असे पुष्कळदा वाटते, पण न घेऊन काय झाले असते तेही मला सांगता येत नाही. सुया बाबांनी घेतल्याच नसत्या. मी नागपूरला गेले. पाय वाढतच राहिला. पुढची तीन वर्षे बाबा त्या दोन खोल्यांतच होते. लोक जमिनीचे कागद घेऊन त्यांचा सल्ला विचारायला येत. मग येईनासे झाले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात तापाने ते गेले.

मुलांनो, यातून खरे बोलू नये असा धडा घेऊ नका. खरे बोलावे असाही घेऊ नका. मी खूप शोधला, मला यात कोणताच धडा सापडलेला नाही. तुम्ही विचारले होते जुन्या खोगिराचे, तर सांगाडा दाबून पाहा, गाद्यांचा वास घ्या, शिवण ओढून पाहा, आणि मालक जी किंमत सांगेल तिच्यावर फार घासाघीस करू नका.

त्या वर्षी मॅट्रिकला इंग्रजीत मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. मी ते घरी कळवले नाहीत.